भातकुलीची पाकशाळा

भातकुली हे नाव प्रथमच ऐकणारा माणूस 'भातुकली म्हणायचे आहे का?' असे हमखास विचारतो. भातुके म्हणजे मुलांना द्यायचा खाऊ, आणि मुलांच्या लुटुपुटीच्या स्वयंपाकाचे नाव भातुकली. भातकुली मात्र खरेखुरे गाव आहे. अमरावतीच्या पश्चिमेला पंधरा-सोळा किलोमीटरांवर, पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्याभोर जमिनीत ते वसले आहे. ते तालुक्याचे ठिकाण आहे, तेथे आदिनाथांचे जुने जैन मंदिर आहे, आणि नावात भात असला तरी शिवारात भाताचा मागमूस नाही. कपाशी, तूर, मूग, सोयाबीन ही तिथली पिके. आणि पावसाळा सरल्यावर जमिनीत राहिलेल्या ओलीवर येणारा हरभरा. अशा ह्या गावी मी गेल्या पौषातल्या एका रविवारी गेलो, तो देवदर्शनाला नव्हे आणि लग्नकार्यालाही नव्हे. मी गेलो स्वयंपाक शिकायला!

वाचकांना ह्याचे नवल वाटेल. पण हल्लीच्या प्रवासी जगात ही गोष्ट चांगली रूढ झाली आहे. मेक्सिकोतील वाहाका ह्या शहरी जाणारे लोक आता केवळ जुने अवशेष आणि चर्चे पाहून परतत नाहीत. सकाळी ते एखाद्या तिथल्याच स्वयंपाकिणीबरोबर मंडईत जातात, वाळलेल्या मिरच्या हुंगून पाहतात, आणि मग तिच्या घरी बसून मक्याच्या तोर्तिया थापतात. तेथे मका वाटायला ज्वालामुखीच्या दगडाचा तिरपा पाटा असतो, त्याला मेताते म्हणतात. गुडघे टेकून, दोन्ही हातांनी वरवंटा धरून त्यावर वाटायचे. आपल्या आजीला तेथे नेऊन बसविले तर तिला भाषा कळणार नाही, पण काम लगेच कळेल. मेक्सिकोच्या ह्या पारंपरिक स्वयंपाकाला युनेस्कोने २०१० साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा दिली. ती जागा एखाद्या पदार्थाला दिलेली नव्हती. शेत, ते पिकवणारे हात, चूल, सणवार आणि एकत्र बसून जेवण्याची रीत अशा साऱ्यांना मिळून ती दिलेली होती.

हे सारे वाचले तेव्हा माझ्या मनात आले की, वाहाका फार दूर. वऱ्हाड तर एका रात्रीच्या प्रवासावर आहे. आणि वऱ्हाडात रोडगा आहे.

रोडगा ठाऊक नसलेल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. जाडसर कणकेचा, तेलाचे मोहन घातलेला, मूठभर आकाराचा गोळा गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजायचा, राखेत मुरू द्यायचा, मग झटकून, फोडून, तुपाने माखून वरणाबरोबर आणि वांग्याच्या भाजीबरोबर खायचा. राजस्थानची बाटी, माळव्याचा बाफला, बिहारची लिट्टी, खानदेशातली बट्टी ही सारी त्याची भावंडे. तवा नको, पोळपाटावाचूनही एक वेळ चालेल. गहू, शेण आणि विस्तव असला की झाले. गुराख्याचे, वाटसरूचे आणि सैनिकाचे हे अन्न असावे असे वाटते. पण आपल्याकडे ते देवाचेही अन्न आहे. चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याच्या भरताबरोबर बाजरीचा रोडगा लागतो. आणि संत एकनाथांच्या एका प्रसिद्ध भारुडातली सून भवानीआईला रोडग्याचाच नवस बोलते. सासरा, सासू, जाऊ, नणंद, नवरा ही सारी माणसे घरातून एकेक करून जाऊ देत, आणि शेवटी मला एकटीला राहू दे, असे तिचे मागणे. वर्गात ते भारुड शिकवताना आम्ही त्याचा आध्यात्मिक अर्थ सांगतो. सासू-नणंदा म्हणजे विकार, एकटे राहणे म्हणजे मुक्ती. तो अर्थ खराच आहे. परंतु भातकुलीला जाऊन आल्यापासून त्या भारुडातली एक जास्तीची गंमत मला दिसू लागली आहे. ती पुढे सांगतो.

भातकुलीची सोय माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने केली. त्याचे चुलते शेतकरी आहेत, वय सत्तरीच्या पुढे. गावात कुठे रोडग्याचे जेवण असले की विस्तवाचे काम त्यांच्याकडे. गाव त्यांना काकाजी म्हणते, म्हणून मीही काकाजीच म्हणेन. विद्यार्थ्याने त्यांना फोनवर सांगितले की, आमच्या सरांना रोडगे शिकायचे आहेत. तेव्हा काकाजी म्हणाले, "शिकवाचं काय त्यात? या म्हना, हात धुवा अन् बसा म्हना." फी किती, असे विचारण्याचा धीर कोणालाच झाला नाही. मात्र त्यांनी एक अट घातली. "वीस-पंचवीस मानसं पायजेत. एकट्या मानसासाठी इस्तो कोनी पेटवते का?"

ही अट मला तेव्हा पाहुणचाराचा भाग वाटली. ती पाककृतीचा भाग आहे हे नंतर उलगडले.

बडनेऱ्याला पहाटे गाडीतून उतरलो. अमरावती मागे पडली आणि दोन्ही बाजूंना सपाट, झाडे विरळ असलेले रान सुरू झाले. हा खारपाणपट्टा. पूर्णेच्या दोन्ही तीरांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा ह्या तीन जिल्ह्यांतून तो पसरला आहे. वर उत्तम काळी माती आणि खाली खारट पाणी. विहीर खणली तर पाणी लागते, पण ते पिकाला चालत नाही आणि तोंडातही धरवत नाही. म्हणून शेती सगळी पावसावर. कपाशीची शेवटची वेचणी चालली होती. बायका कमरेला ओटी बांधून ओळीने पुढे सरकत होत्या. बांधावर तुरीच्या काड्यांचे भारे रचलेले होते. तालुक्यातच पूर्णेकाठी ऋणमोचन आहे. पौषातल्या रविवारी तेथे यात्रा भरते, त्यामुळे रस्त्यावर तिकडे निघालेली माणसे दिसत होती. गाडगेबाबांच्या चरित्रात ह्या यात्रेला मोठे स्थान आहे. संसार सोडून निघालेल्या ह्या माणसाने यात्रेतल्या गर्दीत घाट झाडावा आणि आंधळ्यापांगळ्यांना जेवू घालावे, हे ह्याच भागाने पाहिले. पंगत हा शब्द ह्या मातीत किती वजनाचा आहे, ते त्यावरून कळते.

गावाची पुराणकथाही मौजेची आहे. अनेक अभ्यासक प्राचीन भोजकट म्हणजेच भातकुली असे मानतात. रुक्मिणीचे माहेर वर्धेकाठचे कौंडिण्यपूर, हेही अमरावती जिल्ह्यातच. श्रीकृष्णाने रुक्मिणीला नेले तेव्हा तिचा भाऊ रुक्मी पाठलागाला निघाला. कृष्णाला हरविल्यावाचून कौंडिण्यपुरात पाऊल टाकणार नाही, अशी त्याने प्रतिज्ञा केली. हार झाली, प्रतिज्ञा राहिली, आणि त्याने माघारी न जाता भोजकट वसविले. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन ह्याच्या पाचव्या शतकातील चम्मक येथील ताम्रपटात भोजकट राज्याचा उल्लेख आहे. पुढे भारतीय युद्धाच्या वेळी हाच रुक्मी सैन्य घेऊन पांडवांकडे गेला, मोठ्या बढाया मारल्या, तेव्हा अर्जुनाने त्याला नको म्हटले. कौरवांकडे गेला, तर दुर्योधनानेही नको म्हटले. सारा भारतवर्ष दोन पंगतींत बसला आणि ह्याला एकाही पंगतीत पान मिळाले नाही! रुक्मीच्या गावी येऊन मी शिकणार होतो तो मात्र पंगतीचा पदार्थ.

काकाजींच्या घराचे अंगण मोठे. आम्ही पोचलो तेव्हा दहा वाजले होते आणि शाळा केव्हाच भरली होती. शेजारच्या चार घरच्या बायका, त्यांची मुले, दोन-तीन म्हातारे, शेतावरचे गडी, असे करता करता पंचवीस माणसे जमली होती. काकींनी चहा दिला आणि चहा संपायच्या आत पुढ्यात कणीक आली.

पहिला धडा कणकेचा. पाच किलो गहू रव्यासारखे जाडसर दळून आणलेले. त्यात मीठ, हातावर चोळलेला ओवा, थोडी हळद आणि किलोला एक वाटी ह्या हिशेबाने तेल. ते तेल कणकेला दोन्ही तळहातांनी असे चोळायचे की, मूठ वळली तर गोळा राहावा आणि बोट लावले तर मोडावा. मग पाणी. ते काकी स्वतः घालीत होत्या, ओंजळीने, थोडे थोडे. "पानी सांभायून. कनिक घट्ट पायजे. सैल झाली की रोडगा इस्तवावर बसते, त्याचे पदर सुटत नाहीत." मनगटात कळ येईपर्यंत मी मळत होतो. माझ्या शेजारी बसलेली दहा वर्षांची एक मुलगी तेच काम गप्पा मारीत करीत होती.

पदर हा दुसरा धडा. मी आजवर रोडगा म्हणजे नुसता गोळा समजत होतो आणि शहरात खाल्लेले रोडगे तसेच होते. भातकुलीत तसे करीत नाहीत. लहान लहान पुऱ्या लाटायच्या, एकीवर तेलाचे बोट फिरवायचे, त्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, चौथी. मग ही चवड एका थोड्या मोठ्या पारीत घालून, कडा वर घेऊन, तोंड चिमटून बंद करायचे आणि तळहातावर हलकेच गोल करायचे. दाबायचे नाही. दाबले की पदर एकमेकांना चिकटतात आणि मग भाजताना उष्णता आत जायला वाट राहत नाही, आतले कच्चे राहते. लाटणारी एक, तेल लावणारी एक, चवड रचणारी एक, तोंड बांधणारी एक. पाच किलो कणकेचे सत्तरएक रोडगे तासाभरात झाले. मी हिशेब करून पाहिला. एकट्या माणसाने हे सारे करायचे म्हटले तर पहिला रोडगा वाळून जाईल तेव्हा कुठे शेवटचा तयार होईल. वीस माणसांच्या अटीचा अर्थ येथे निम्मा कळला.

वरण आणि भाजीचा कारभार काकींचा. तुरीची डाळ शिजवायचे पाणी त्यांनी वेगळ्या हंड्यात झाकून ठेवले होते. ते नळाचे. "हिरीच्या पान्यात डाय शिजत नाही, सर. दुपार होते अन् दाना तसाच. माझ्या लग्नात गोड्या पान्यासाठी बैलगाडी धाडली होती." ओला आणि सुका दुष्काळ आपण वर्तमानपत्रात वाचतो, पण पाणी समोर असून वरण शिजत नाही हा दुष्काळ मी प्रथमच ऐकत होतो.

भाजी करताना माझ्यातला मराठीचा मास्तर जागा झाला, त्याला माझा इलाज नव्हता. काकी म्हणाल्या, "तो गंज इकडं द्या." गंज म्हणजे उभ्या काठाचे पातेले. मगाशी मळली ती परात नव्हती, कोपर होते. उलथणे नव्हते, सराटा होता. पाणी तांब्यात नव्हते, गडव्यात होते. मग त्या एका पोराला म्हणाल्या, "जाय रे, सांबार घेऊन ये." दाक्षिणात्य सांबार येथे कोठून आला, असे मनात येते न येते तोच तो मुलगा कोथिंबिरीची जुडी घेऊन आला! वऱ्हाडात कोथिंबीर म्हणजे सांबार, बटाटा म्हणजे आलू आणि टोमॅटो म्हणजे भेद्रं. तापल्या तेलात जिरे, लसूण-आल्याचे वाटण, खोबरे, दाण्याचे कूट, भरपूर तिखट, मग भेद्रं, आणि ती गळाल्यावर देठासकट चिरा दिलेली हिरवी काटेरी वांगी आणि आलू. शेवटी सांबार. तेल वर येऊन लाल तवंग दिसेपर्यंत गंज उतरवायचा नाही.

त्या गंजाकडे पाहताना मला पुन्हा वाहाकाची आठवण झाली. वांगे आपले, इथलेच. पण मिरची आणि टोमॅटो हे मेक्सिकोकडचे, बटाटा आणि भुईमूग दक्षिण अमेरिकेतले. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या गलबतांतून ही मंडळी आपल्या किनाऱ्याला लागली. टोमॅटो हे नाव मूळ तिकडच्या नाहुआट्ल भाषेतले; वऱ्हाडाने ते सोडून दिले आणि आपले भेद्रं केले. मिरचीला आपण मिऱ्यावरून नाव दिले. ज्या पदार्थाला आपण पिढ्यान् पिढ्यांचा म्हणतो, त्यातला अर्धा गंज असा पाहुण्यांनी भरलेला आहे. अंगणात बसवून घेतले, हाक मारायला नाव दिले, की पाहुणा घरचा होतो. माझ्याबाबतीतही सकाळपासून तेच चालले होते. दहा वाजता मी 'सर' होतो. बारा वाजता एक आजीबाई मला "अरे बाबू, तो झारा दे" असे म्हणू लागल्या होत्या.

तिसरा धडा विस्तवाचा, आणि तो काकाजींचा. अंगणाच्या टोकाला त्यांनी जमीन साफ करून गोवऱ्या उभ्या, एकमेकींना टेकवून, गोलाकार रचल्या होत्या. मधे तुराट्या आणि पऱ्हाटीच्या काड्या. गोवऱ्या पातळ आणि खडखडीत वाळलेल्या हव्यात; सगळ्यात चांगल्या रानगोवऱ्या, म्हणजे चरणाऱ्या गुरांचे शेण रानातच उन्हाने वाळून झालेल्या. ओलसर गोवरी धुमसते आणि तिचा धूर रोडग्याला लागतो. पेट घेतल्यावर जाळ माणसाच्या कमरेएवढा उठला. मुले रोडग्यांचे कोपर घेऊन पुढे झाली, तसे काकाजींनी हात आडवा केला.

"जाय मरू द्या आंधी. रोडगा जायावर नाही भाजत, आरावर भाजते."

जाळाचा जाय झाला, ह्यात वऱ्हाडीचा ळ कसा य होतो ते विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे. आणि आर म्हणजे निखारा. पाऊण तास आम्ही तो जाळ मरण्याची वाट पाहत बसलो. मग लाल निखाऱ्यांचा थर काकाजींनी लांब काठीने सारखा केला आणि त्यावर रोडगे मांडले. मांडले की फिरवायचे, फिरवले की पुन्हा फिरवायचे. कोणता रोडगा फिरवायचा हे ते रंगावरून ओळखत नव्हते, कारण धगीत रंग दिसतच नाही. कवच कडक झाले की काठी लागताच कोरडा, पोकळ आवाज येतो. तो आवाज त्यांनी मला तीनदा ऐकविला. चौथ्यांदा काठी माझ्या हातात दिली आणि स्वतः दोन पावले मागे उभे राहिले. सगळ्या रोडग्यांना चिरा पडल्यावर निखारे बाजूला ओढून त्यांनी ते गरम राखेत पुरले. अर्धा तास. ह्या अर्ध्या तासात आतला पदर न् पदर शिजतो. मेक्सिकोत खड्ड्यात निखारे घालून, घायपाताच्या जातीच्या पानांत गुंडाळलेले मांस पुरून शिजवितात, त्याला बार्बाकोआ म्हणतात. पुरून ठेवायचे आणि धीर धरायचा, ही विद्या पृथ्वीच्या दोन्ही बाजूंना माणसाने शोधली आहे.

त्या अर्ध्या तासात काकाजी माझ्याशी बोलले. मी गोवऱ्यांची चौकशी केली होती.

"ह्या इकतच्या हायेत," ते म्हणाले. "बैलजोडी इकली दोन वर्साखाली. टॅक्टर भाड्यानं येते अन् तासाभरात वावर करून जाते. काम चांगलं करते, त्याले नाव नाही ठेवत मी. पन टॅक्टर शेन देत नाही."

एवढे एकच वाक्य, पण त्यात मोठे गणित होते. बैल गेले की शेण गेले, शेण गेले की गोवरी गेली. गोवरी विकत आणायची झाली की रोडगे वर्षातून चारदा होण्याऐवजी एकदा होतात. एकदा झाले की लहान पोरांनी आवाज ऐकून ओळखायला शिकावे तरी केव्हा? रोडगा नाहीसा होणार नाही; तो रस्त्यावरच्या हॉटेलांतून मिळतो आणि पुढेही मिळेल. जाईल ते अंगणातले काम. काकाजींनंतर गावात विस्तवापाशी कोण उभे राहणार, असे मी विचारले. त्यांनी लगेच उत्तर दिले नाही. काठीने राख सारखी केली.

"नातू पुन्याले असते, कंपनीत. हुशार हाय. फोनवर इचारते, आबाजी, ओव्हनमंदी रोडगा कसा करू? आता मी काय सांगू त्याले?"

दोन वाजता पंगत बसली. राखेतून काढलेले रोडगे जाड फडक्यात घालून चौघांनी चार टोके धरून झुलवले. राख उडाली आणि खाली पिवळसर तांबूस, फुटलेले रोडगे राहिले. पान वाढून झाल्यावर रोडगा हाताने चुरायचा, त्याचे पदर मोकळे करायचे, मधे आळे करून त्यात तूप आणि वरण ओतायचे आणि भाजी कडेला घ्यायची. पहिल्या घासाला गव्हाचा भाजका गोडवा, मग धगीचा किंचित वास, आणि मागाहून तिखटाचा तडाखा. आग्रह करण्याची वऱ्हाडी तऱ्हा अशी की नाही म्हणायला तोंड मोकळेच राहत नाही. अर्धे लोक वाढत होते, अर्धे जेवत होते, मग त्यांनी जागा बदलल्या. गाडीतून निघाल्यापासून आपण काही खाल्ले नव्हते, ह्याची आठवण मला तिसऱ्या रोडग्यानंतर झाली.

जेवणानंतर काकाजी म्हणाले, "सर, सकायपासून लिवून राह्यले तुमी. वाचून दाखवा बरं, काय लिवलं ते."

मी वही उघडली आणि वाचू लागलो. 'परातीत पाच किलो जाडसर कणीक घ्यावी...' तेवढ्यात एक वहिनी म्हणाल्या, "परात म्हंजे कोपरच ना?" मी होय म्हणून पुढे वाचले. 'कोथिंबीर बारीक चिरून...' दुसरीकडून आवाज आला, "सांबार म्हना ना, सरय!" 'जाळ शांत झाल्यावर' ह्या शब्दांवर तर सगळे अंगण हसले. हसण्यात कुचेष्टा नव्हती. पाहुण्याच्या तोंडून आपले घर ऐकताना गंमत वाटते, तशी होती. काकाजी मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "हेच आमच्या बोलीत लिवा. मी नातवाले धाडतो. वाचताना त्याले घर आठोलं पायजे."

मग माझी खरी शिकवणी झाली. त्या सांगत होत्या, मी लिहीत होतो. कोपर, गंज, सराटा, सांबार, जाय, आर. दोन बायकांचे मिठावरून एकमत होईना, तेव्हा दोघींची मापे लिहिली. प्रमाण भाषेतला मजकूर एका पानात बसला होता. ह्याला तीन पाने लागली, कारण प्रत्येकीला आणखी काहीतरी आठवत होते. सगळे लिहून झाल्यावर काकाजींनी वही हातात घेतली, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवले.

"हे कनकेचं माप खाली घ्या. सगळ्यात वर मानसं किती, ते लिवा."

एकनाथांच्या भारुडातली जी गंमत पुढे सांगतो म्हणालो होतो, ती हीच. ती सून रोडग्याचा नवस बोलते आणि मागते काय, तर घरातली सगळी माणसे जाऊ देत, मी एकटी राहीन. पण सारी गेल्यावर नवस फेडायचा कसा? चवड कोण रचणार, जाळ मरेपर्यंत कोण बसणार, फडक्याची उरलेली तीन टोके कोण धरणार? नाथांच्या ऐकणाऱ्यांनी अंगणात रोडगे केलेले होते. त्यांना ही अडचण ऐकताक्षणीच सुचली असेल आणि ते पोट धरून हसले असतील. आम्ही मात्र अर्थ सांगत बसतो.

शहरातल्या वाचकांनी रोडगे करावेत की नाही? अवश्य करावेत. गोवऱ्या आता शहरातही विकत मिळतात. मोकळे मैदान, कोणाचे तरी शेत, नाही तर वाड्याचे अंगण मिळाले तर उत्तम. कणीक जाडसर दळून घ्या, मोहन चांगले चोळा, पदरांना दाबू नका, आणि जाळ मरेपर्यंत रोडग्याला हात लावू नका. बाकी सारे वर आलेच आहे. फक्त घरात तिघे किंवा चौघे असाल तर ह्या भानगडीत पडू नका. आधी शेजारच्या घराची बेल वाजवा.

संक्रांतीनंतर माझ्या विद्यार्थ्याचा फोन आला. काकाजींच्या नातवाने पुण्याजवळ एका मित्राच्या शेतावर रोडगे केले होते आणि त्याचे छायाचित्र घरी पाठविले होते. वहीतली तीन पाने त्याने कंपनीतल्या मित्रांना वाचून दाखविली होती म्हणे, आणि सांबार ह्या शब्दाने तेथेही घोटाळा केला होता. छायाचित्रात निम्मे रोडगे कोळशासारखे दिसत होते. मी विचारले, काकाजी काय म्हणाले? विद्यार्थी म्हणाला, त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला आणि रोडग्यांविषयी काही बोललेच नाहीत. चित्रातली डोकी मोजली.

"अकरा हायेत," ते म्हणाले. "जमलं त्याले."